ठरव, कर, सांग

मुलांचे दोन गट केले आणि कोणत्या गटाने बालवाडीत जायचं हे नाणं उडवून ठरवलं, असं कुणी सांगितलं तर आपल्याला रागच येईल. लेकरांच्या नशिबाचा असा छापा-काटा कोण करतं? १९६२ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, इप्सिलँटी नावाच्या गावात हे खरोखर झालं. करणारा माणूस मुलांचा वैरी नव्हता. त्याला त्या मुलांचा फार कळवळा होता, म्हणूनच त्याने हे केलं. त्या नाण्याने उजव्या-डाव्या बाजूला टाकलेली मुलं आज साठीत आहेत आणि त्यांच्यामागे अभ्यासक अजून वह्या घेऊन फिरत आहेत. लहानपणीची शाळा माणसात किती काळ उरते, या प्रश्नाचं इतकं चिकाटीने शोधलेलं उत्तर फार थोड्या ठिकाणी सापडतं.

इप्सिलँटी डेट्रॉइटच्या पश्चिमेला, मोटारींच्या कारखान्यांच्या मुलखात आहे. दुसऱ्या महायुद्धात गावाशेजारी विलो रन इथे फोर्ड कंपनीचा बॉम्बफेकी विमानांचा अवाढव्य कारखाना उभा राहिला आणि कामाच्या ओढीने दक्षिणेकडच्या राज्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं इकडे आली. कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती गावाच्या दक्षिण भागात होती आणि त्यांची मुलं पेरी प्राथमिक शाळेत जात. डेव्हिड वायकार्ट हे तरुण मानसशास्त्रज्ञ गावच्या शाळाखात्यात खास मुलांच्या सेवांचे प्रमुख होते. गुणपत्रकं चाळताना त्यांच्या लक्षात आलं, की याच वस्तीतली मुलं वर्षामागून वर्षं मागे पडताहेत, एकाच इयत्तेत पुन्हा बसताहेत, शेवटी शाळा सोडताहेत. त्यांनी हे आकडे मुख्याध्यापकांपुढे मांडले. त्या खोलीत फारसं कुणी हललं नाही. मुलंच तशी आहेत, त्याला आपण काय करणार, असा एकूण सूर होता.

शाळा बदलायला तयार नाही, तर शाळेच्या आधीच मुलांना हाताशी धरावं, असं वायकार्ट यांनी ठरवलं. पेरी शाळेचे मुख्याध्यापक चार्ल्स यूजीन बीटी स्वतः कृष्णवर्णीय होते. त्यांनी दार उघडलं. पण तिथेही एक खडा लागलाच. बालशिक्षणातल्या काही जाणकारांनी वायकार्टना सावध केलं, की गरीब घरातल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना शाळेसारख्या ठिकाणी बसवलंत तर भलं होण्याऐवजी वाईटच व्हायचं, त्यांच्या मनाला ते झेपणार नाही. आज हे वाचताना हसू येतं, पण वायकार्टनी ते हसण्यावारी नेलं नाही. अपाय होतो की उपाय होतो हे कुणालाच ठाऊक नसेल, तर पारखून बघायला हवं. नाणं आलं ते या शंकेपोटी.

एकूण मुलं १२३. सगळी गरीब घरांतली, सगळी कृष्णवर्णीय, सगळ्यांचा बुद्ध्यंक ७० ते ८५च्या आसपास, म्हणजे शाळेच्या भाषेत ‘मागे पडणारच’ असा शिक्का आधीच बसलेला. साधारण सारख्या बुद्ध्यंकाची मुलं दोन गटांत वाटली आणि मग नाणं. ५८ मुलं बालवाडीत गेली, ६५ घरीच राहिली. (भावंडांना मात्र एकाच गटात ठेवलं. एकाच घरातला एक जाणार आणि एक नाही, एवढं क्रौर्य त्यांनी टाळलं.) बहुतेक मुलांना दोन वर्षं मिळाली, सगळ्यांत पहिल्या तुकडीला एकच. १९६७मध्ये ही बालवाडी संपली.

आता त्या वर्गात थोडा वेळ बसू या. पुढच्या साऱ्या आकड्यांचं मूळ इथेच आहे, आणि आकडे सांगणारे बहुतेक लोक नेमकं इथेच थांबत नाहीत.

सकाळचे अडीच तास. वीस-पंचवीस मुलं आणि चार शिक्षिका, म्हणजे पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस. खोलीचे कोपरे वाटून दिलेले. एकीकडे ठोकळे, एकीकडे भातुकलीचा संसार, एकीकडे रंग-कागद-माती, एकीकडे कोडी आणि पुस्तकं. वस्तू मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या फळ्यांवर. कोणतीही वस्तू मागावी लागत नाही, घ्यायची आणि काम झालं की जागेवर ठेवायची.

सकाळी मुलं जमली की शिक्षिका एकेकाला विचारते: आज काय करणार आहेस? प्रश्न दिसतो साधा. पण तीन वर्षांच्या मुलाला असं कुणी विचारलेलं नसतं. त्याला रोज सांगितलं जातं, काय कर आणि काय करू नको. सुरुवातीला मूल नुसतं बोट दाखवतं. ठोकळ्यांकडे. शिक्षिका म्हणते, ठोकळे घेणार? बरं, काय करणार त्यांचं? काही आठवडे हे असंच चालतं. मग एक दिवस तेच मूल सांगू लागतं, की गॅरेज बांधायचंय, त्याला दोन दारं, एकातून ट्रक आत जाणार आणि दुसऱ्यातून बाहेर येणार, आणि शेजारचा गडी मला मदत करणार. बोटापासून इथवरचा प्रवास म्हणजेच ती बालवाडी होय. त्या मुलाने एक गोष्ट अजून घडलेली नसताना डोळ्यांपुढे आणली, तिला शब्द दिले, तिचा क्रम लावला आणि तिच्यात दुसऱ्या माणसाला जागा दिली.

मग काम. जवळजवळ तासभर. गॅरेज ढासळतं, दार अरुंद होतं, ट्रक अडकतो, शेजारचा गडी रुसून निघून जातो. शिक्षिका जवळ बसलेली असते, पण गॅरेज बांधून देत नाही. ट्रक का अडकला असेल, एवढं विचारते. शेवटी आवराआवर, आणि सगळे गोल बसले की दुसरा प्रश्न: काय केलंस? मूल सांगतं. कधी सकाळी ठरवलेलं, कधी भलतंच. ठरवलं होतं गॅरेज, झाला पूल. तेही चालतं, फक्त ते कसं झालं हे सांगायचं.

ठरव, कर, सांग. पुढे हा क्रम ‘हायस्कोप’ पद्धत म्हणून जगभर गेला. सुरुवातीला मात्र त्याला नाव नव्हतं. जाँ पियाजेच्या विचारांचा आधार घेत, शिक्षिका आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या वादावादीतून तो हळूहळू आकाराला आला. मूल स्वतः हाताळून, करून, चुकून जग समजून घेतं, ही पियाजेची धारणा. तिचं रोजच्या सकाळीत रूपांतर करणं हे त्या शिक्षिकांचं काम होतं, आणि ते कुठल्याही सिद्धांताहून अवघड होतं.

दुपारी त्याच शिक्षिका मुलांच्या घरी जात. दर आठवड्याला प्रत्येक घरी दीड तास. आईबरोबर बसायचं, मूल सकाळी काय करतं ते बोलायचं, घरातल्याच वस्तूंनी काय करता येईल ते एकत्र करून बघायचं. आईला शिकवायला जायचं नाही, तिच्याशी सल्लामसलत करायला जायचं. ज्या वस्तीत शाळेतून माणूस येतो तो तक्रार घेऊनच येतो, तिथे हे नवीनच होतं.

आणि मग निकाल आले. बालवाडीच्या शेवटी आत गेलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ९५ झाला होता, घरी राहिलेल्यांचा ८३च होता. आनंदाला उधाण आलं. पण मुलं पहिली-दुसरीत गेली आणि हा फरक विरघळत गेला. आठव्या वर्षापर्यंत दोन्ही गट पुन्हा सारखे. त्याच सुमारास, १९६९ साली, सरकारच्या ‘हेड स्टार्ट’ बालवाड्यांवरचा वेस्टिंगहाउस अहवाल आला आणि त्यानेही हेच सांगितलं, की मिळवलेलं टिकत नाही. बालवाडी म्हणजे वाया गेलेला पैसा, असं बोलणाऱ्यांना बळ आलं. अभ्यास तिथेच गुंडाळला असता तर हे प्रकरण लिहायचं कारणच नव्हतं.

वायकार्ट आणि त्यांचे सहकारी मुलांच्या मागे राहिले. मुलं १४ वर्षांची झाली तेव्हा पहिली चाहूल लागली. बुद्ध्यंक सारखा असूनही शालेय चाचणीत किमान पातळी गाठणारी मुलं बालवाडीच्या गटात ४९ टक्के होती, दुसऱ्या गटात १५ टक्के. पंधराव्या वर्षी घरचा अभ्यास करणारी मुलं इकडे ६१ टक्के, तिकडे ३८. डोकं तेवढंच, पण डोकं वापरायची तयारी वेगळी. पुढे शाळा पूर्ण करून बाहेर पडलेले ६५ टक्के, दुसऱ्या गटात ४५. मुलींमध्ये तर फरक डोळे दिपवणारा होता: माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्या ८८ टक्के विरुद्ध ४६ टक्के.

चाळिशीत पुन्हा गाठलं तेव्हा हयात असलेल्यांपैकी ९७ टक्के लोक सापडले. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. कारखाने बंद पडले, लोक पांगले, काही तुरुंगात होते, आणि तरी चाळीस वर्षांनी जवळजवळ प्रत्येकाला शोधून काढलं होतं. वर्षाला २० हजार डॉलरहून जास्त कमावणारे बालवाडीच्या गटात ६० टक्के, दुसऱ्यात ४०. पाच किंवा त्याहून जास्त वेळा अटक झालेले ३६ टक्के, दुसऱ्यात ५५. बचत खातं असलेले ७६ टक्के, दुसऱ्यात ५०. अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा एका डॉलरमागे सोळा डॉलर परत आल्याचं दिसलं, आणि त्यातला मोठा वाटा न घडलेल्या गुन्ह्यांचा होता. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी हाच हिशेब जास्त काटेकोरपणे पुन्हा केला. त्यांचा परतावा वर्षाला ७ ते १० टक्क्यांचा निघाला, तोही कमी नाही.

पण हेकमन यांच्या कामातली मला मोलाची वाटते ती गोष्ट डॉलरची नाही. हा परिणाम कोणत्या वाटेने पोचला, हे त्यांच्या गटाने तपासलं. बुद्ध्यंकाची वाट तर आठव्या वर्षीच बंद झाली होती. सापडल्या त्या दोन वाटा: शिकण्याची ओढ वाढली, आणि भांडणं, मारामारी, उद्धटपणा कमी झाला. चाचणीत न मावणाऱ्या गोष्टी. आधी ठरवायचं, मग करायचं, अडलं तर पुन्हा मांडायचं, शेजारच्याला सोबत घ्यायचं, आणि आपण केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. दोन वर्षं रोज सकाळी ज्याने हे केलं त्याच्या अंगात ते मुरलं. माझं तरी यातून असं मत झालं आहे, की बालवाडीत शिकवलेलं विसरलं जातं आणि बालवाडीत जगलेलं उरतं.

एक शंका इथे रास्त आहे. कुठल्याही बालवाडीने हे झालं नसतं कशावरून? चार शिक्षिका, आठवड्याची घरभेट, एवढी माया कुणी केली तर फरक पडणारच. मग मुलाला विचारत बसण्याचं एवढं काय कौतुक? याचं उत्तर त्याच गावात, त्याच माणसांनी केलेल्या दुसऱ्या प्रयोगात आहे, आणि मला तो पहिल्याहून जास्त हलवून गेला.

१९६७मध्ये त्यांनी तशाच घरांतली ६८ मुलं घेतली आणि तीन गट केले. या वेळी बालवाडी सगळ्यांनाच मिळाली, घरभेटीही सगळ्यांना. वेगळी होती ती पद्धत. एका गटात ठरव-कर-सांग. दुसऱ्या गटात जुन्या वळणाची बालवाडी: भरपूर खेळ, गाणी, सणवार, मुलांच्या कलाने चालणारा दिवस. तिसऱ्या गटात थेट शिकवणी. कार्ल बेरायटर आणि सीगफ्रीड एंगलमन यांनी तेव्हा नुकतीच पुढे आणलेली ही पद्धत होती. शिक्षक प्रश्न विचारणार, मुलं एका सुरात उत्तर देणार, बरोबर आलं की पुढे, चुकलं की पुन्हा. भाषा, गणित, वाचन. वेळ वाया घालवायचा नाही.

पहिल्या वर्षी तिन्ही गटांचा बुद्ध्यंक सपाटून वाढला, सरासरी २७ अंकांनी. म्हणजे पालकाने त्या वर्षी तीनही वर्गांच्या दारात उभं राहून गुणपत्रकं पाहिली असती, तर त्याला निवड करताच आली नसती. घोकंपट्टीच्या वर्गातली मुलं खडाखड उत्तरं देत होती, ती कदाचित त्याला जास्त आवडली असती.

फरक पडला तो नंतर, हळूहळू, कुणी बघत नसताना. पंधराव्या वर्षी मुलांना त्यांच्या गैरवर्तनाबद्दल विचारलं तेव्हा थेट शिकवणीच्या गटाने ठरव-कर-सांग गटाच्या अडीचपट प्रकार सांगितले. तेविसाव्या वर्षी चित्र आणखी स्पष्ट झालं. शाळेच्या काळात मानसिक-भावनिक अडचणींसाठी उपचार घ्यावे लागलेली मुलं थेट शिकवणीच्या गटात ४७ टक्के, बाकी दोन्ही गटांत ६ टक्के. गंभीर गुन्ह्यासाठी अटक झालेले ३९ टक्के, बाकीच्यांत १०च्या आसपास. आणि कधी ना कधी विनामोबदला समाजाचं काम केलेले बाकी दोन गटांत ४३-४४ टक्के, थेट शिकवणीच्या गटात ११.

जुन्या वळणाची खेळाची बालवाडी नव्या पद्धतीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, हे विसरू नये. म्हणजे जादू ‘हायस्कोप’ या नावात नव्हती. दोन्हीकडे दिवसाचा मोठा भाग मुलाच्या हातात होता. तिसरीकडे तो बाईंच्या हातात होता.

या अभ्यासावर टीकाही झाली आहे आणि ती ऐकायला हवी. ६८ मुलं म्हणजे एका गटात जेमतेम बावीस-तेवीस. तेविसाव्या वर्षापर्यंत त्यातलेही काही हाती लागले नव्हते. अभ्यास करणारे आणि ठरव-कर-सांग पद्धत घडवणारे लोक एकच होते. थेट शिकवणीच्या कैवाऱ्यांनी हे सारं जोरात मांडलं आणि त्यांची पद्धत इतर ठिकाणी, जरा मोठ्या मुलांच्या बाबतीत, वाचन-गणितात चांगली चालल्याचे पुरावेही दिले. हे आक्षेप खरे आहेत. त्यामुळे ३९ आणि १० हे आकडे दगडावर कोरू नयेत. पण रोख कुठे आहे ते दिसतं, आणि पेरीच्या मुलांच्या आयुष्याशी तो जुळतो.

ज्या वर्षी इप्सिलँटीत ते नाणं उडालं, त्याच १९६२मध्ये ताराबाई मोडक यांना पद्मभूषण मिळालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मराठी वाचकाने त्या शेजारी ठेवून बघाव्यात असं मला वाटतं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हाच त्यांच्याबरोबर आल्या आणि पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथेही तेच कोडं होतं: मुलं शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत. ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला आणि आज तो देशभर सरकारी कागदांवर आहे. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, शिंपले, पानं, काड्या, दगड हीच साधनं झाली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली. आधी पोरांना न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, मग त्यांच्या हातात बिया द्यायच्या आणि ती काय करतात ते बघायचं.

कोसबाडला कुणी मुलांचे गट केले नाहीत, कुणी चाळीस वर्षं वही घेऊन मागे फिरलं नाही. त्यामुळे तिथल्या वारली मुलांच्या आयुष्यात काय उरलं याचे टक्के आपल्याकडे नाहीत. अंगणवाडीचा शब्द घेतला तसा तिच्यातला तो मोकळेपणाही आपण घेतला असता, तर किती बरं झालं असतं! आज अंगणवाडी सेविकेच्या वाट्याला पोषण आहार, वजनकाटा, लसीकरणाच्या नोंदी आणि रजिस्टरांची चळत आली आहे. तिच्यापुढे चाळीस मुलं असतात. त्यातल्या एकाला ‘आज काय करणार आहेस?’ असं विचारून त्याच्या बोटाला शब्द फुटेपर्यंत थांबायचं, एवढी सवड आपण तिला ठेवलेली नाही. आणि शहरात ज्यांच्याकडे सवड आणि पैसा दोन्ही आहे, ते पालक तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन त्याला एका ओळीत अक्षरं गिरवायला लावणारी शाळा शोधतात. वही भरली की त्यांना बरं वाटतं. भरलेली वही दिसते, मनात बांधलेलं गॅरेज दिसत नाही. त्यांचा दोष मी काढत नाही. इप्सिलँटीच्या तीन वर्गांच्या दारात उभा राहिलेला पालकही त्या वर्षी फसलाच असता.

पेरीच्या आकड्यांमधला एक मी मुद्दाम मागे ठेवला होता. बालवाडीत गेलेल्या मुलग्यांपैकी मोठेपणी स्वतःची मुलं स्वतः वाढवणारे ५७ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ३०. बापाने घरात असण्याचा आणि ठोकळ्यांच्या कोपऱ्याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध लगेच दिसत नाही, पण तिथेच पुढची पिढी उभी राहते. २०१९मध्ये हेकमन आणि त्यांचे सहकारी गणेश करपाकुला यांनी पेरीच्या त्या जुन्या विद्यार्थ्यांच्या, आता पंचावन्नच्या आसपास पोचलेल्या माणसांच्या, मुलांकडे पाहिलं. या मुलांनी कधी त्या बालवाडीच्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. शाळेतून एकदाही निलंबित न होता माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेली मुलं बालवाडीत गेलेल्यांच्या घरांत ६७ टक्के होती, न गेलेल्यांच्या घरांत ४०.

नाणं उडालं तेव्हा त्यांच्यापैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता.